डावीकडचे ओरखडे

१० जानेवारी, शनिवार

आज एक निर्णय घेतला. लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात माझे निर्णय लिहिले नाहीत तर ते नुसते विचार होते असं नंतर ठरतं. मी स्पोर्ट्‌स कार घेणार आहे. दोन दारांची, बुटकी, जमिनीशी कानगोष्टी करत धावणारी.

वय चोपन्न. धंदा वार्ताहराचा, सत्तावीस वर्षं एकाच दैनिकात नगरपालिका, पाणीपुरवठा आणि उद्घाटनं. शिक्षण जुन्या पाठशाळेतलं. तिथे आठ वर्षं ग्रंथ पाठ केले. अर्थ पुढे आपोआप उमगेल असं गुरुजी म्हणाले होते. अजून वाट पाहतो आहे. या पूर्वपीठिकेतून स्पोर्ट्‌स कार कशी उगवली, हे मलाही सांगता येणार नाही. काल सिग्नलला एक तांबडी गाडी शेजारी येऊन उभी राहिली. अचानकच, आधी तिथे कुणी नव्हतं, मग होतं. चालवणारा माझ्यापेक्षा म्हातारा, केस पांढरेशुभ्र. दिवा हिरवा झाला आणि तो गेला. मी राहिलो. मागच्याने भोंगा वाजवला. मला रोज सगळे मागे टाकून जातात, पण इतक्या देखणेपणाने कुणी टाकलं नव्हतं.

हिला सांगितलं. ही म्हणजे बायको. शाळेत जीवशास्त्र शिकवते. बेडूक, मुलं आणि मी, तिघांना सारख्याच शांतपणे हाताळते.

"दोनच माणसं बसतात?"

"आपण दोघंच तर आहोत."

"आणि भाजीची पिशवी?"

"मांडीवर."

"कुणाच्या?" असं विचारून ती वह्या तपासायला गेली. नाही म्हणाली नाही. हिचं 'नाही' न म्हणणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

जेवताना ही आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या डाव्या हाताला, बसली नाही. उजवीकडे बसली. डावीकडे वारा लागतो म्हणे. तीस वर्षांत न लागलेला वारा.

१४ जानेवारी, बुधवार

गाडीच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, काचेचा महाल. तिथला विक्रेता इतका गुळगुळीत की त्याच्यावर माशी बसली तर घसरेल. त्याचं नाव सांगून झालं, पण मी 'गुळगुळीत' एवढंच लक्षात ठेवलं.

"साहेब, ही गाडी चालवायची नसते, अंगावर घालायची असते."

तांबडीत बसलो. बसलो म्हणजे आधी एक पाय आत, मग कंबर, मग आत्मसन्मान बाहेर ठेवून उरलेला मी. पण एकदा बसल्यावर जे वाटलं ते लिहिता येत नाही. छप्पर मागे सरकलं आणि चौफेर उजेड पडला. हल्ली मला उजेडाची हाव सुटली आहे. दिवस लवकर मावळल्यासारखे वाटतात. संपादकांना म्हटलं, कचेरीतले दिवे बदला. ते म्हणाले, गेल्याच महिन्यात बदललेत, डोळे दिपतात म्हणून लोक तक्रार करताहेत.

परत निघालो तर जुन्या गाडीची किल्ली खिशात नाही. शोधाशोध. शेवटी हिला फोन केला. "घरीच राहिली असेल, चालत या," म्हणाली. पण मी गाडी घेऊन आलो असेन तर किल्ली घरी कशी राहील? मग आठवलं, मी गाडी आणलीच नव्हती. निघतानाच किल्ली सापडत नव्हती. या किल्लीला पाय फुटले आहेत. उद्या दुसरी करून घेतो. नोव्हेंबरातही एक करून घ्यावी लागली होती.

२० जानेवारी, मंगळवार

तीन गाड्यांचा तुलनात्मक तक्ता केला. पहिली तांबडी, कोरी करकरीत, छप्पर सरकणारी. दुसरी करडी, हिच्यात मागे दोन आसनं आहेत असं माहितीपत्रक म्हणतं. ती आहेत, जसं पाठशाळेत दूध होतं, पाण्यावरून अनुमान काढायचं. तिसरी निळी, छप्पर हिचंही सरकतं, सहा वर्षांची, एकहाती वापरलेली, आधीचा मालक दंतवैद्य. शून्यापासून शंभरापर्यंत तांबडी पाच सेकंदांत जाते, करडी साडेपाच, निळी सात. ही म्हणाली, "शंभरावर जाऊन तुम्हाला बघायचंय काय?" मी म्हटलं, बघायचं नाही, जायचं. तर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

कुणाला विचारावं तर अंधगजन्याय. आमचे मुद्रितशोधक म्हणतात, गाडी म्हणजे इंजिन. संपादक म्हणतात, गाडी म्हणजे विमा. गुळगुळीत म्हणतो, गाडी म्हणजे भावना. प्रत्येक जण हत्तीचा एकेक अवयव चाचपतोय, आणि सबंध हत्ती दिसणारा मी एकटाच.

संध्याकाळी तक्ता पाहतो तर हिने पेन्सिलीने दोन रकाने वाढवलेले. एक: 'बाहेरचं किती दिसतं?' दुसरा: 'चालवायला सोपी कोणती?' दोन्ही रकान्यांत निळीपुढे बरोबरची खूण. ही दुकानात कधी गेली? विचारलं तर म्हणाली, "शाळेतून येताना. रस्त्यावरच आहे." हिला काय करायचंय चालवायला सोपी कोणती ते! पण रकाने खोडले नाहीत. पेन्सिलीचं आहे, राहू दे.

२ फेब्रुवारी, सोमवार

जुनी गाडी देऊन नवीवर काही सवलत मिळते. त्यासाठी दुकानाचा मूल्यमापक आला. कमी बोलणारा, हातात पाटी. गाडीभोवती फिरला आणि लिहीत गेला. पुढच्या बंपरचा डावा कोपरा घासलेला. डावा आरसा तडकलेला, चिकटपट्टीवर तगून. डाव्या दोन्ही दारांवर ओरखडे, त्यातला एक फाटकाच्या खांबाच्या रंगाचा. डावी चाकं कडेला चेपलेली. मग उजवीकडे गेला, वाकला, बोटाने रंग चोळून पाहिला.

"साहेब, गाडी दोन माणसं चालवतात का?"

"का बरं?"

"उजवी बाजू नवी आहे."

मीही वाकून पाहिलं. खरंच की! इतकी वर्षं गाडी वापरतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. याचा अर्थ उघड आहे. या शहराच्या रस्त्यांची डावी कड सदोष आहे. पदपथ पुढे आलेत, खांब कुठेही रोवलेत, लोक कुठूनही उगवतात. कचेरीत जाऊन तडक सहाशे शब्द लिहिले. मथळा: 'डावी कड कुणाची?' संपादकांनी पान पाचवर लावायचं कबूल केलं. सत्तावीस वर्षांत प्रथमच एखादा विषय मला घरबसल्या सापडला.

८ फेब्रुवारी, रविवार

लेख छापून आला. कन्येचा दुसऱ्या गावाहून फोन: "बाबा, वाचलं. आई कुठंय?" मी म्हटलं, फिरायला गेली आहे. हिला गेल्या ऑक्टोबरपासून फिरण्याचं वेड लागलंय. रोज सकाळी सहाला सपाट तळाचे बूट घालून निघते, कोपऱ्यावर हिचा भाऊ भेटतो, दोघं तासभर चालतात. चार महिने झाले, वजन एक गुंजभर घटलेलं नाही. मेहुण्याचं तर वाढलंच आहे. परवा घामाघूम होऊन आला आणि सोफ्यावर कोसळला. "ताई माझा जीव घेणार एक दिवस," म्हणाला. चालण्याने?

कन्येला हे सांगितलं तर हसली. मग म्हणाली, "बाबा, आईचं ऐकत जा ना जरा." मी म्हटलं, ऐकतोच. ऐकलेलं मी विसरतही नाही, हे तुला ठाऊक आहे. "तेच तर," म्हणाली.

रस्ता ओलांडताना ही माझा डावा कोपर धरते. पूर्वी चारचौघांत धरायची नाही. उतारवयातलं प्रेम असं बाहेरच्या बाजूने येतं, असं दिसतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बँक. कर्ज देणाऱ्या बाई चष्म्यावरून बघतात, त्यामुळे आपण आधीच काही बुडवलंय असं वाटतं.

"सात वर्षांचं घेतलंत तर हप्ता हलका पडेल. पण फिटेल तेव्हा तुम्ही एकसष्टचे."

"आणि गाडी?"

"गाडी सात वर्षांची." म्हणजे दोघांत मीच जास्त झिजलेला असणार.

पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता जड, पण आरंभी जास्त रक्कम भरली तर पेलेल. ती रक्कम आमच्या मुदतठेवीत आहे. ठेव दोघांच्या नावावर आहे आणि मोडायला दोन सह्या लागतात. एक माझी, ती सदैव तयार. बाईंनी ठेव मोडण्याचा अर्ज पुढे सरकवला, मी सही केली तर रेघेच्या खाली गेली. दुसऱ्यांदा केली. "असू दे, असू दे," म्हणाल्या.

हिने अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "सही करीन. आधी डोळे तपासून या."

"माझे?"

"गाडीचे नकोत."

तीन वेळा सांगून झालंय, असंही म्हणाली. मला एकदाही आठवत नाही, आणि मी ऐकलेलं विसरत नाही. कदाचित मी पेपर वाचत असताना सांगितलं असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. माझ्या पुढे दोन बायका होत्या. आतल्या खोलीतलं बाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. आधी एकीने तक्ता वाचला, मग दुसरीने. म, ट, क. मग ल, प, न, घ. मग त्याखालची बारकी ओळ, तिथे दोघीही अडखळल्या आणि दुकानदाराने सांगितली.

माझी पाळी आली. उजव्या डोळ्याने सगळं वाचलं. मग उजवा झाकायला लावला. डावीकडचा दिवा बहुधा गेला असावा, तक्ता धुक्यात होता. पण अक्षरं मला येतच होती. उगाच डोळे ताणायचे कशाला? शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली. दुकानदार चपापला. "उलटी वाचा बघू." उलटीही म्हटली. पाठशाळेत आम्ही सुलट, उलट आणि एकाआड एक म्हणत असू. दहा-बारा अक्षरांचं काय घेऊन बसलात!

"या वयात असे डोळे!" तो म्हणाला आणि त्याने लेखी दिलं. छातीवर पदक लावावं तसा तो कागद घेऊन घरी आलो. हिने वाचला. घडी घातली.

"रांग होती का?"

"होती थोडी. दोन बायका."

"दार उघडं होतं?"

"होतं. का?"

"काही नाही," म्हणाली आणि कणीक भिजवायला घेतली. सही केली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण. लिहिण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

मी म्हणालो, अट पुरी केली, आता सही कर. ही म्हणाली, मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, कागद खोटा आहे का? "कागद खरा आहे. तुम्ही पोपट आहात." मी म्हणालो, तुला माझा आनंद बघवत नाही. हे म्हणायला नको होतं. हिने चहा ओतला, माझ्या हातात कप धरून दिला; हल्ली ओतू देतच नाही, मी लहान असल्यासारखी. मी म्हणालो, मला ओतता येतो. म्हणाली, "येतो. बशीत."

मी माझ्या खोलीत जाऊन तांबडीचं माहितीपत्रक वाचलं. ते मला आता पाठ आहे.

ठेव नको. सही नको. सात वर्षांचं कर्ज काढतो, पूर्ण रकमेचं. त्याला एकच सही लागते.

नगरपालिकेच्या अभियंत्याचं लेखाला उत्तर आलंय. त्याने म्हणे तीन रस्त्यांच्या डाव्या कडा मोजल्या. सगळ्या नियमाप्रमाणे आहेत. 'आपल्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष येऊन पाहावे.' हे सरकारी लोक कधी चूक कबूल करतात?

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज तांबडी चालवून पाहिली.

सुरुवात स्वर्गीय. छप्पर मागे, शेजारी गुळगुळीत, रस्ता मोकळा. पायाचं बोट हलवलं की गाडी पुढे झेपावते. मी तीन सिग्नलांवर पहिला सुटलो. गुळगुळीत म्हणत होता, "वा साहेब, वा." आरशात मागे राहिलेले लोक लहान लहान होत गेले. सत्तावीस वर्षं जे जे माझ्यापुढे गेलं ते सगळं त्या आरशात आहे असं वाटलं.

मग डावं वळण. रस्ता रिकामा होता. मी शपथेवर लिहितो, रिकामा होता. आणि गुळगुळीतने किंकाळी फोडून हातब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. चाकापासून हातभरावर एक सायकल पडली होती आणि शेजारी टपालखात्याची एक बाई, पत्रं चारी दिशांना. गाडी तिला लागली नव्हती. ती घाबरून पडली होती. गुडघा फुटला होता.

मी उतरलो. ती तशीच बसून माझ्याकडे बघत होती. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं:

"आंधळा आहेस का रे?"

पत्रं गोळा केली. परत येताना गाडी गुळगुळीतनेच चालवली. दुकानापाशी उतरताना म्हणाला, "साहेब, ती दोनशे फुटांपासून दिसत होती."

लोक रागाच्या भरात काहीही विचारतात. अलंकारिक प्रश्न असतो तो. त्याला उत्तर नसतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ही आरशापुढे केस विंचरत होती. मी पलंगावर बसून होतो. हाताने उजवा डोळा झाकला. सहजच; डोळ्यात काही गेल्यासारखं.

ही नव्हती. आरसा नव्हता. खिडकीच्या जागी राखेच्या रंगाचं काहीतरी होतं आणि त्यात एक फिकट हालचाल. हात काढला. ही होती, केसांत कंगवा अडकलेला, आणि आरशातून माझ्याकडेच बघत होती.

हात परत डोळ्यावर ठेवला नाही. हिने कंगवा सोडवला आणि म्हणाली, "सोमवारी अकराची वेळ मिळाली आहे. मी शाळेतून रजा टाकली."

वेळ तिने गेल्या मंगळवारीच घेतली होती. भांडणाच्या दिवशी.

२ मार्च, सोमवार

मोठ्या इस्पितळात एक यंत्र आहे. पांढऱ्या घमेल्यात तोंड घालायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची, आणि कडेला कुठे दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. इथे पाठ करण्यासारखं काहीच नव्हतं. पुढचा दिवा कुठे लागणार, हे आधीच्या माणसाला कुणी म्हणायला लावत नाही.

उजव्या डोळ्याने पुष्कळदा दाबलं. मग डावा. मी बसलो. बसून राहिलो. यंत्र टिकटिकत होतं, याचा अर्थ दिवे लागत होते. मी तीनदा बटण दाबलं. त्यातलं एकदा नुसतंच, यंत्र चालवणाऱ्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई आमच्या कन्येच्या वयाच्या. दोन चित्रं पुढे ठेवली. उजव्याचं पांढरं, एका काठाला करडं. डाव्याचं काळं. मधे तिळाएवढी करडी जागा.

"काचबिंदू. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दुसरा डोळा सांभाळून घेतो. शिवाय तुम्ही—" त्यांनी चष्मेवाल्याचा कागद पाहिला. "हे कसं जमलं?"

ही म्हणाली, "ऐकून."

गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं. दोन थेंब सकाळी, दोन रात्री, जन्मभर. न चुकता.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"तुम्ही? नाही."

"सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनी उजव्याची तपासणी. गाडीचं उत्तर तेच असेल बहुधा." आवाज मऊ होता, पण शब्द तेवढेच.

परत येताना रिक्षा केली. ही डावीकडे बसायला गेली, मग उठली, मला आत सरकवलं आणि उजवीकडे बसली.

४ मार्च, बुधवार

बँकेत जाऊन कर्जाचा अर्ज परत घेतला. मग टपालकचेरीत गेलो. सायकलवाली बाई तिथे छपाछप शिक्के मारत होती, गुडघ्याला पट्टी. सायकलवर जायला पंधरा दिवस मनाई होती तिला. माझ्यामुळे.

मी म्हणालो, "तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. त्याचं उत्तर हो असं आहे. मला परवाच कळलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "आलात कसे?"

"चालत."

"मग बरं," म्हणाली, आणि पुढचा शिक्का मारला. थोड्या वेळाने, "बसा हवं तर. पाणी आहे तिकडे."

अभियंत्यालाही एक पत्र टाकलं. 'आपल्या कडा सरळ आहेत. प्रतिनिधीची वाकडी होती.' संपादक म्हणतात, खुलासा छापू. मी म्हटलं, पान पाचवरच.

८ मार्च, रविवार

चार दिवस घरात येरझाऱ्या. तांबडीचं माहितीपत्रक रद्दीत टाकलं, पण त्याने काय होतं. झोपेत म्हणून दाखवता येतं. आता पुढची तीस वर्षं सगळ्यांच्या मागे. तेही चालत. दुपारी हिच्यावर उखडलो.

"तुला कळलं होतं ना? मग मला गाडी चालवू कशी दिलीस?"

ही स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा उघडला, आतून एक पुडकं काढलं आणि माझ्यासमोर ओतलं. तीन किल्ल्या. "मी लपवायची, तुम्ही नवीन करून आणायचात. चौथी कुठे ठेवायची ते आता तुम्हीच सांगा."

"कधीपासून?"

"सप्टेंबर. तुम्ही कपाच्या शेजारी चहा ओतलात आणि कपावर ओरडलात."

"मला सांगायचं!"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, दिवे मंद आहेत. परत सांगितलं. म्हणालात, दिवे मंद आहेत. तिसऱ्यांदा सांगितलं तर नवा दिवा आणून लावलात." ही खुर्चीवर बसली. हिला रडताना मी फार पाहिलेलं नाही. आजही पाहिलं नाही, पण आवाज वेगळा होता. "रोज तुम्ही किल्ली घेऊन निघालात की मी खिडकीत उभी. फाटकाच्या खांबापर्यंत बघायचं. मग माझ्या भावाला फोन, 'निघाले'. तो मागे मागे तुमच्या कचेरीपर्यंत. त्याला कामधंदा नाही का?"

मेहुणा. माझ्या मागे. आरशात कधी दिसला नव्हता.

मग उठली, शाळेच्या पिशवीतून एक छोटं पाकीट आणलं. आत हिचा फोटो, भिऊन डोळे मोठे केलेला, आणि खाली सरकारी शिक्का. वाहन चालवण्याचा परवाना. तारीख जानेवारीतली.

"फिरायला?" मी म्हटलं.

"फिरायलाच जात होते. भावाच्या गाडीतून." नाक पुसलं. "तीनदा नापास झाले. मागे घेताना. चौथ्या परीक्षेला भाऊ बाहेर देव-देव करत उभा राहिला."

मी तो परवाना उजव्या डोळ्याजवळ धरून वाचला. वाचायला वेळ लागला. अक्षरं बारीक होती म्हणून नाही.

"आता तो तक्ता आणा," ही म्हणाली. "पेन्सिलीचा."

२८ मार्च, शनिवार

निळी आली. ठेव मोडली, दोन सह्या, माझी रेघेवर बसली. कर्ज अगदी थोडं, दोन वर्षांचं. गुळगुळीत किल्ली माझ्या हातात द्यायला आला, मी हिच्याकडे बोट दाखवलं. त्याने मोठा सुटकेचा श्वास सोडला. धंद्याला न शोभणारा.

मेहुणा रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडत होता, "ताई, क्लच हळू! ताई, मागे नको, पुढेच जा!"

छप्पर मागे सरकलं. मी डावीकडे बसलो. जन्मात या बाजूला बसलो नव्हतो; पाय आपोआप ब्रेक शोधत होते आणि तिथे नुसती सतरंजी. ही तीनदा गाडी बंद पाडून मग निघाली. फाटकाचा खांब वितभर सोडून. तळ्याकाठच्या रस्त्याला लागलो. सात सेकंदांत शंभर गाठणारी गाडी चाळिसावर होती. पाठीमागून भोंगा आला, मग आणखी एक, मग एक सायकलवाली शांतपणे आमच्या पुढे गेली. जाताना हात केला. टपालखात्याचा गणवेश होता.

मला धड बसवत नव्हतं. तोंडातून येत होतं की जरा दाब, रस्ता मोकळा आहे. तो मोकळा आहे की नाही, हे मला कुठे माहीत? दोन्ही हातांनी पट्टा धरला.

तीस वर्षं ही गाडीत माझ्या डावीकडे बसली. आज उजवीकडे होती, ऊन अंगावर, आणि मी तिला पुरी पाहत होतो. वळण आलं की ही जिभेचं टोक ओठांत धरते. कानामागे एक पांढरी बट आहे, ती वाऱ्याने उडून गालावर येते आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने फुंकर मारून बाजूला करते. हे मला माहीत नव्हतं.

"समोर बघा," ही म्हणाली.

"ते काम तुझं," मी म्हणालो.